कॉम्प्लेक्स ऑक्साइड थिन फिल्मवर पीएचडी: उपयोग खरंच आहे की नुसते पेपर?

विचारणारा एमएस्सी फिजिक्स झालेला आहे, नेट निघाली आहे आणि हातात दोन लॅब आहेत. एकीकडे लेझरने कॉम्प्लेक्स ऑक्साइडच्या, म्हणजे दोन किंवा जास्त धातू आणि ऑक्सिजन यांच्या संयुगांच्या, पातळ फिल्म बनवतात, विषय ‘ऑक्साइड इलेक्ट्रॉनिक्स’. दुसरीकडे स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून) आणि सिलार (द्रावणांत आळीपाळीने बुडवून) पद्धतीने बनवतात, विषय ‘एनर्जी’. कोणती घ्यावी हे ठरत नाही, आणि प्रश्न तीन आहेत. या फिल्मचा लॅबच्या बाहेर काही उपयोग होतो का? पावडर सोडून फिल्मच कशाला? आणि पेरोव्हस्काइट सोलर सेल म्हणजे हेच का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी देतो. नाही. पेरोव्हस्काइट हे अणूंच्या एका मांडणीचं नाव आहे; मांडणी तीच, पदार्थ वेगळे. सध्या गाजणाऱ्या सोलर सेलमध्ये शिसं आणि आयोडीन असलेली हॅलाइड संयुगं असतात, ऑक्सिजनची नाहीत. ऑक्साइड पेरोव्हस्काइटचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, मोठा असतो. स्ट्रॉन्शियम टायटनेटचा ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, बिस्मथ फेराइटचा २.७ च्या आसपास. सिलिकॉनचा १.१ आहे हे लक्षात घेतलं तर कळेल की सूर्यप्रकाशाचा बराच भाग यांना दिसतच नाही. बिस्मथ फेराइटच्या फिल्ममध्ये बँड गॅपपेक्षाही जास्त व्होल्टेज मिळतं हे २०१० मध्ये दाखवलं गेलं, शास्त्र म्हणून ते सुंदर आहे, पण करंट इतका किरकोळ की छतावर लावायच्या गोष्टी करू नयेत. मुलाखतीत या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका, पॅनेलवरचे लोक तिथेच पेन खाली ठेवतात.

आता उपयोग. बाजारात पोचलेली एक मोठी वस्तू म्हणजे सुपरकंडक्टिंग, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणारी, टेप. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना लॅन्थॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी दिसली. पुढच्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडने, म्हणजे वायबीसीओने, ९० केल्विन ओलांडलं. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, त्यामुळे दोन-चार वर्षांत तारा येतील असं सगळ्यांनी धरलं. आल्या नाहीत. वायबीसीओ ठिसूळ सिरॅमिक आहे हे एक कारण. दुसरं जास्त चिवट होतं: शेजारच्या दोन दाण्यांची (स्फटिकाच्या बारीक तुकड्यांची) दिशा काही अंशांनी जरी चुकली तरी त्या सीमेवरून जाणारा करंट झपाट्याने पडतो. म्हणजे तार किलोमीटरभर लांब हवी आणि तिच्यातला प्रत्येक दाणा शेजाऱ्याच्या रेषेत हवा. वायबीसीओची पावडर नळीत भरून ओढली तर हे कधीच साधत नाही.

हे जमवलं ते फिल्मने. हॅस्टेलॉय मिश्रधातूची साधारण ५० मायक्रॉनची पट्टी घ्यायची, ती गुळगुळीत करायची. तिच्यावर मॅग्नेशियम ऑक्साइडचा जेमतेम १० नॅनोमीटरचा थर बसवायचा, आणि तो बसत असतानाच तिरक्या कोनातून आयनांचा झोत मारायचा, म्हणजे सगळे दाणे एकाच दिशेला वळतात. त्यावर एक-दोन बफर थर, मग वायबीसीओ किंवा त्याच कुळातला पदार्थ, एक-दोन मायक्रॉन. वर चांदी आणि तांबं. एवढ्या थरांत सुपरकंडक्टर म्हणाल तर एक-दोन टक्केच. पण ४ मिलिमीटर रुंदीच्या अशा पट्टीतून द्रव नायट्रोजनमध्ये १०० अँपिअरच्या वर करंट रोधाशिवाय जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्युजन सिस्टिम्स ही कंपनी यांनी फ्युजनसाठी (अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा काढण्यासाठी) बनवलेल्या चुंबकाने २० टेस्ला गाठलं. त्या चुंबकात अडीचशे किलोमीटरहून जास्त टेप गुंडाळलेली होती. ‘इलेक्ट्रॉनिक्स की एनर्जी’ असा जो तुमचा प्रश्न आहे तो या टेपला विचारा, ती दोन्हीकडची आहे.

बाकीचे उपयोग भराभर सांगतो. लेड झिर्कोनेट टायटनेट, ज्याला सगळे पीझेडटी म्हणतात, त्याच्या पातळ फिल्म काही इंकजेट प्रिंटरच्या हेडमध्ये शाई ढकलतात. त्याच पदार्थाच्या फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे व्होल्टेज काढलं तरी आतल्या भारांची दिशा टिकवणाऱ्या, मेमरी चिप वीजमीटरसारख्या ठिकाणी बसतात, जिथे लाइट गेली तरी आकडा राहायला हवा. सिलिकॉनवर बेरियम टायटनेटची फिल्म वाढवून प्रकाशाचे मॉड्युलेटर (प्रकाशावर सिग्नल चढवणारी साधनं) करण्याचं काम जोरात आहे, कारण व्होल्टेज दिल्यावर अपवर्तनांक बदलण्याचा त्याचा गुण लिथियम नायोबेटच्या कितीतरी पट आहे. लॅन्थॅनम मँगनाइटचा ‘कोलोसल’ मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकक्षेत्राने रोध बदलणं) १९९४ साली गाजला, हार्ड डिस्कचं हेड त्यातून निघेल असं लिहिलं गेलं, ते झालं नाही. त्याला लागणारं चुंबकक्षेत्र फार मोठं होतं आणि परिणाम दिसायचा तो ठरावीक तापमानाच्या आसपासच. गाइडच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये हे वाक्य अजून असेल तर हसू नका, आम्ही सगळ्यांनी ते लिहिलेलं आहे.

फिल्मच का? एक कारण वर आलं, दिशा. दुसरं म्हणजे ताण. स्ट्रॉन्शियम टायटनेटचा लॅटिस (अणूंच्या जाळीचं एक घर) ३.९०५ अँगस्ट्रॉमचा आहे, आणि एरवी तो कितीही थंड केला तरी फेरोइलेक्ट्रिक होत नाही. तोच डिस्प्रोशियम स्कँडेटच्या स्फटिकावर पातळ थरात वाढवला की खालच्या लॅटिसशी जुळवून घेताना साधारण एक टक्का ताणला जातो आणि खोलीच्या तापमानाला फेरोइलेक्ट्रिक होतो. हे २००४ मधलं काम आहे. एक टक्का ताण ठोकळ्याला द्यायला जा, तडा जाईल. तिसरं कारण असं की काही गोष्टी आधी फिल्ममध्येच सापडल्या. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला निकेलेटमध्ये (निकेल असलेल्या ऑक्साइडमध्ये) सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली ती फिल्ममध्ये, आणि तीही पेरोव्हस्काइट फिल्म वाढवून नंतर कॅल्शियम हायड्राइडबरोबर तापवून तिच्यातला एक ऑक्सिजन काढून घेतल्यावर.

हा काढून घेतलेला ऑक्सिजन लक्षात ठेवा, कारण माझ्या मते या विषयातलं निम्मं यश आणि जवळपास सगळे घोळ ऑक्सिजनच्या हिशेबातले आहेत. स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्फटिक काचेसारखा पारदर्शक आणि वीज न वाहणारा असतो. तो व्हॅक्यूममध्ये ८०० अंशांवर तापवून काढा, निळसर-काळपट होतो आणि वीज वाहायला लागतो. ऑक्सिजनचा एक अणू निघून गेला की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात. एवढंच घडलेलं असतं, पण तेवढ्याने इन्सुलेटरचा कंडक्टर होतो.

याची सगळ्यात प्रसिद्ध कथा लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट यांच्या सीमेची. दोन्ही इन्सुलेटर. २००४ मध्ये ओटोमो आणि ह्वांग यांनी दाखवलं की एकावर दुसरा वाढवला की मधल्या सीमेवर इलेक्ट्रॉनची पातळ, चांगली वाहणारी चादर तयार होते. २००६ मध्ये कळलं की वरचा थर चार युनिट सेलचा (जाळीच्या चार घरांइतका) झाल्याशिवाय ती होत नाही, २००७ मध्ये ती २०० मिलिकेल्विनला सुपरकंडक्टरही झाली. कारण सांगितलं गेलं ते असं: लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेटचे थर आळीपाळीने धन आणि ऋण भाराचे असतात, थर वाढत गेले की आतलं विभव वाढत जातं, आणि एका मर्यादेनंतर इलेक्ट्रॉन सीमेवर उतरून ते सावरतात. सुबक कारण. पण सुरुवातीच्या बऱ्याच नमुन्यांत ऑक्सिजनचा दाब १०⁻⁶ मिलिबारच्या घरात ठेवलेला होता, आणि तिथे मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज धावतात ते) जी डोळे दिपवणारी यायची तिचा मोठा भाग सीमेचा नव्हताच. सबस्ट्रेटमधला, म्हणजे खालच्या आधाराच्या स्फटिकातला, ऑक्सिजन उडालेला असायचा आणि करंट सबस्ट्रेटच्या पोटातून वाहायचा. दाब १०⁻³ मिलिबारकडे नेला किंवा नंतर ऑक्सिजनमध्ये अ‍ॅनील केलं (म्हणजे तापवून मुरवलं) की आकडे जमिनीवर यायचे.

इथे नवा विद्यार्थी म्हणतो, मग सोपं आहे, शेजारी कोरा सबस्ट्रेट ठेवू, तो वाहिला नाही म्हणजे आपली फिल्म खरी. ठेवावाच, पण तो पुरत नाही. फिल्म बसताना तिचे अणू सबस्ट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात, कोऱ्या तुकड्यावर हे होतच नाही. लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेट खोलीच्या तापमानाला नुसता अमॉर्फस (अणूंची ठरावीक मांडणी नसलेला) बसवला तरी खाली वीज वाहते, आणि तिथे तर भारांचे आळीपाळीचे थर नसतातच. फरक कळतो तो ऑक्सिजनमध्ये अ‍ॅनील केल्यावर. अमॉर्फसची वाहकता जाते, चार युनिट सेलच्या वरची स्फटिक सीमा वाहत राहते. कोणीही ‘टू-डायमेन्शनल इलेक्ट्रॉन गॅस’, म्हणजे ती चादर, मिळाली म्हणून ग्राफ दाखवला की मी आधी अ‍ॅनीलनंतरचा ग्राफ मागतो.

पल्स्ड लेझर डिपॉझिशन, आपलं पीएलडी (लेझरच्या झटक्यांनी पदार्थ उडवून त्याची फिल्म बसवणं), रोजच्या कामात कसं असतं ते थोडं जवळून सांगतो, कारण तुम्हाला पाच वर्षं त्याच खोलीत काढायची आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बेलकोर लॅबमध्ये टी. वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी वायबीसीओची फिल्म या पद्धतीने केली आणि पद्धतीला भाव आला. आपल्याकडे पुणे विद्यापीठात सतीशचंद्र ओगले लेझर आणि पदार्थांवर तेव्हापासून काम करत होते. पुढे ते मेरीलँडला ऑक्साइडवर काम करून पुण्यातच एनसीएल आणि मग आयसर या संशोधन संस्थांत आले, त्यामुळे या भागात ही विद्या नवी नाही.

५ मिलिमीटर चौरस सबस्ट्रेट अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन हीटरवर सिल्व्हर पेस्टने चिकटवायचा. पेस्ट सावकाश वाळवायची, घाई केली तर तापताना बुडबुडा धरते, सबस्ट्रेटचा एक कोपरा थंड राहतो आणि फिल्म अर्धी वेगळी निघते. क्रिप्टॉन फ्लोराइडचा लेझर, तरंगलांबी २४८ नॅनोमीटर, पल्स वीस-पंचवीस नॅनोसेकंदांची, टार्गेटवर (ज्यातून पदार्थ उडवायचा त्या ठोकळ्यावर) दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन जूल. सबस्ट्रेट ६०० ते ८०० अंशांवर. आधी शटर बंद ठेवून टार्गेटचा वरचा थर उडवून टाकायचा, मग शटर उघडायचं. टार्गेटवरून प्लूम (उडालेल्या पदार्थाचा चमकता झोत) उठतो, त्याचं टोक सबस्ट्रेटला जेमतेम शिवलं पाहिजे. दाब कमी-जास्त केला की त्याची लांबी डोळ्यांना दिसेल इतकी बदलते.

लेझरची ऊर्जा बहुतेक जण बाहेर, खिडकीच्या अलीकडे मोजतात. पण चेंबरच्या खिडकीला आतून दर वेळी थोडं मटेरियल चिकटतं. मीटर महिनाभर तोच आकडा दाखवतो आणि टार्गेटवर पोचणारी ऊर्जा गुपचूप घटत जाते. मग एप्रिलची फिल्म जूनमध्ये परत निघत नाही आणि सगळे टार्गेटला दोष देतात. खिडकीतून पार झाल्यानंतरची ऊर्जा मोजायची सोय करून घ्या. शिसं, लिथियम, पोटॅशियम असलेल्या पदार्थांत आणखी एक गोष्ट: तापलेल्या सबस्ट्रेटवरून हे अणू उडून जातात, म्हणून टार्गेटमध्ये ते मुद्दाम दहा-वीस टक्के जास्त घालतात.

फिल्म झाली की थंड करणं हेही कामच आहे. वायबीसीओ चेंबरमध्ये तयार होतो तेव्हा त्यात ऑक्सिजन दर सूत्रामागे सहा अणूंच्या जवळ असतो, तो सुपरकंडक्टर नसतो. काही शे मिलिबार ऑक्सिजन भरून ४५०-५०० अंशांवर त्याला मुरू द्यावं लागतं, तेव्हा तो सातच्या जवळ जातो. झालं की नाही हे थंड करायला हेलियम खर्च न करता कळतं. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाच्या थरांतलं अंतर मोजणं) करा, ००५ नावाचं शिखर बघा. सी-अक्ष (स्फटिकाच्या घराची उंची) ११.६८ अँगस्ट्रॉम असेल तर तांब्याच्या के-अल्फा किरणांनी ते ३८.५ अंशांवर येतं. ऑक्सिजन कमी असेल तर अक्ष लांबतो, ११.८० झाला की शिखर ३८.१ च्या आसपास सरकतं. ताणामुळेही थोडं हलतं, म्हणून सबस्ट्रेटचं शिखर संदर्भ म्हणून धरून मोजायचं.

आता एनर्जीकडे, कारण तिथे ऑक्सिजनची हीच रिकामी जागा कामाला लागते. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल इंधनापासून थेट वीज बनवतो; त्याचं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा मधला थर, म्हणजे यिट्रिया मिसळलेला झिर्कोनिया. झिर्कोनियमच्या चार भाराच्या जागी यिट्रियमचा तीन भाराचा आयन बसवला की दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. पंधरा आकड्यांच्या सरकत्या खेळात एक घर रिकामं असतं म्हणूनच बाकीचे आकडे हलतात, तसे ऑक्सिजन आयन या जागांतून उड्या मारत पलीकडे जातात. इथे इलेक्ट्रॉन मोकळे होत नाहीत, कारण भाराचा हिशेब यिट्रियमने आधीच पुरा केलेला असतो. वर इन्सुलेटरला कंडक्टर करून घोळ घालणारी रिकामी जागा (व्हॅकन्सी) इथे मुद्दाम पेरलेली असते.

फिल्मचा फायदा गणिताने बघा. ७०० अंशांवर या झिर्कोनियाची वाहकता साधारण ०.०१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. १५० मायक्रॉनची चकती घेतली तर दर चौरस सेंटिमीटरला रोध येतो ०.०१५ भागिले ०.०१, म्हणजे १.५ ओहम. अर्धा अँपिअर काढला की पाऊण व्होल्ट तिथेच गेला, आणि सेल मुळात देतो एक व्होल्टच्या आसपास. जाडी १५ मायक्रॉन करा, रोध ०.१५ ओहम, चालण्यासारखा. मग प्रश्न येतो एकही भोक नसलेला १५ मायक्रॉनचा थर सच्छिद्र इलेक्ट्रोडवर कसा बसवायचा, आणि तो पेपरमध्ये कमी आणि कारखान्यात जास्त सोडवला जातो. शिवाय तापमान कमी केलं की अडचण कॅथोडकडे (हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडकडे) सरकते, कारण हवेतला ऑक्सिजन तोडून आत घेण्याचा वेग इलेक्ट्रोलाइटच्या वाहकतेपेक्षा जास्त झपाट्याने पडतो. कोबाल्ट आणि लोह असलेले पेरोव्हस्काइट कॅथोड तिथे येतात.

रेझिस्टिव्ह स्विचिंगच्या (रोध बदलून आकडा साठवणाऱ्या) मेमरीतही याच रिकाम्या जागा व्होल्टेजने इकडून तिकडे सरकतात. एचपीच्या गटाने २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा मेमरिस्टर दाखवला त्यामागे हीच हालचाल होती.

दुसरी लॅब, म्हणजे स्प्रे आणि सिलारची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतींची मोठी परंपरा आहे, तिला कमी लेखणाऱ्यांचं मला पटत नाही. पद्धत स्वस्त आहे, मोठ्या क्षेत्रफळावर चालते, आणि वाहक काच, गॅस सेन्सर, पाणी विघटनाचे फोटोइलेक्ट्रोड यांना एपिटॅक्सी (खालच्या स्फटिकाच्या रेषेत फिल्म वाढणं) लागतही नाही. बिस्मथ व्हॅनाडेटचा बँड गॅप २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, त्याचा सच्छिद्र थर रासायनिक पद्धतीने उत्तम होतो. माझी तक्रार सुपरकपॅसिटरच्या (झटपट चार्ज साठवणाऱ्या साधनांच्या) पेपरांबद्दल आहे. निकेल कोबाल्टाइटची १०० नॅनोमीटरची फिल्म एक चौरस सेंटिमीटरवर घ्या. घनता साडेपाचच्या वर धरली तरी वजन होतं सुमारे ५६ मायक्रोग्रॅम. लॅबमधला चार दशांशाचा काटा मोजतो ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या पायऱ्यांनी. ज्या काट्याला फिल्म दिसतच नाही त्याच्यावर वजन करून ‘२००० फॅरड प्रति ग्रॅम’ काढायचे, आणि खाली निकेल फोम असेल तर अल्कलीत तो स्वतःही चार्ज साठवतो तो धरायचाच नाही. त्यातून ज्या पदार्थाच्या डिस्चार्ज वक्रात सरळ पठार दिसतं तो बॅटरीसारखा वागतोय, त्याचं उत्तर फॅरडमध्ये देणंच चूक, कूलोम किंवा मिलिअँपिअर-अवर द्यायला हवं. त्या लॅबमध्ये गेलात तर मायक्रोबॅलन्स आहे का ते विचारा, आणि दर चौरस सेंटिमीटरचा आकडा नेहमी सोबत द्या.

तर कोणती घ्यावी? नुसत्या विषयाच्या नावावर ठरवू नका. पीएलडीच्या लॅबमध्ये गेलात तर लेझरच्या गॅसचा सिलिंडर शेवटचा कधी आला विचारा. फ्लोरीनचं मिश्रण महाग असतं, यायला वेळ लागतो, आणि गॅस नाही म्हणून वर्षातले काही महिने लेझर झाकून ठेवलेल्या लॅब मी पाहिल्या आहेत. हेलियमची सोय, चार-अक्षांचा एक्सआरडी, वाढत्या थरावर नजर ठेवणारं रीड हे आहे का, चालू आहे का, आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, हे विचारा. नसेल तर बाहेर सोय होते: इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संशोधन केंद्रात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना अर्ज करून मापनं करता येतात, तिथेच आरआरसीएटी या संशोधन केंद्राचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरणांचा स्रोत) आहे. मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी बॉम्बेमध्ये ऑक्साइड फिल्मवर काम चालतं.

नोकरीचं म्हणाल तर कंपन्या लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेटसाठी घेत नाहीत. त्या घेतात ती व्हॅक्यूम, स्पटरिंग, एक्सआरडी आणि बिघडलेला पंप उघडून बघायची हिंमत असलेली माणसं. हे दोन्ही लॅबमध्ये शिकता येतं, पीएलडीच्या लॅबमध्ये जास्त सक्तीने.

आणि भेटायला जाल तेव्हा लॅबमधल्या सिनियरकडून दोन गोष्टी मागून बघा. एक, एखाद्या फिल्मचा एक्सआरडी लॉग स्केलवर, कारण साध्या स्केलवर नको असलेल्या फेजची (भलत्या संयुगांची) शिखरं दडून जातात. दुसरी, सहा महिन्यांच्या अंतराने त्याच कृतीने केलेल्या दोन फिल्मचे ग्राफ एकाच कागदावर. ते लगेच काढून दाखवले तर फॉर्म भरा.